क्विल्टच्या कापडाला खळ केव्हा द्यावी आणि वाफ केव्हा

क्विल्टसाठी, म्हणजे कापडाचे तुकडे जोडून शिवलेल्या गोधडीसाठी, कापड कापण्यापूर्वी त्याला इस्त्री करावी, हे नवशिक्याला पहिल्याच दिवशी सांगितले जाते. त्या इस्त्रीत ओलावा केव्हा असावा आणि केव्हा नसावा, हे मात्र बहुतेकांना दोन-चार ब्लॉक (तुकडे जोडून केलेले, क्विल्टचे एकेक चौकोनी भाग) बिघडल्यावरच कळते. मलाही तसेच कळले. साडेसहा इंचांचे छत्तीस चौकोन कापून झाल्यावर ते हाताला फार लुळे लागतात म्हणून मी त्यांच्यावर खळ फवारली आणि वाफेची इस्त्री फिरवली. कापड छान कडक झाले, पण पट्टी ठेवून पाहिले तेव्हा बहुतेक चौकोन एका बाजूने जवळजवळ एक अष्टमांश इंच कमी भरत होते आणि कडांना हलका बाक आला होता. खळीत दोष नव्हता, वाफेतही नव्हता. दोन्ही गोष्टी चुकीच्या वेळी केल्या होत्या. तेव्हापासून मी एक नियम पाळते: कापडाला जे काही पाणी द्यायचे ते कापण्याआधी द्यावे, आणि एकदा कापले की ब्लॉक पूर्ण होईपर्यंत कोरड्या उष्णतेवरच काम भागवावे. या नियमाला दोन-तीन अपवाद आहेत, ते त्या त्या ठिकाणी येतील.

ओल्या धाग्याचे काय होते

सुती धागा सेल्युलोजचा बनलेला असतो आणि सेल्युलोजच्या लांब साखळ्या एकमेकींना हायड्रोजन बंधांनी धरून असतात. पाणी आत शिरले की हे बंध सुटतात, तंतू फुगतो आणि वळेल तसा वळू लागतो; मग इस्त्रीच्या उष्णतेने पाणी उडून गेले की बंध पुन्हा जुळतात, पण कापड त्या क्षणी ज्या आकारात असेल त्याच आकारात. सुरकुती जाते ती यामुळे, आणि पट्टीने आखून कापलेली सरळ कड वाकडी होते तीही यामुळेच. शिवाय मागावर विणताना आणि नंतर रंगवताना-छापताना कापड सतत ओढलेले असते. तो साठलेला ताण पहिल्यांदा पाणी लागताच सुटतो आणि कापड आटते. म्हणून न धुतलेल्या कापडावर वाफ मारणे म्हणजे थोड्या प्रमाणात ते धुण्यासारखेच आहे.

खळीचे काम वेगळे आहे. स्टार्चचे कण थंड पाण्यात विरघळत नाहीत, ते तळाशी बसतात. मक्याच्या स्टार्चचे पाणी साधारण ६२ ते ७२ अंश सेल्सिअसच्या दरम्यान पोहोचले की हे कण पाणी शोषून फुगतात, फुटतात आणि दुधट पाण्याचा दाटसर, अर्धपारदर्शक द्रव होतो. तो कापडात मुरून वाळला की धाग्यांच्या मधल्या फटींत पातळ थर तयार होतो आणि उभे-आडवे धागे एकमेकांवरून सहज सरकू शकत नाहीत. कापडाच्या काठाला समांतर जाणारा ताणा सर्वांत कमी ताणला जातो, त्याला आडवा जाणारा बाणा त्याहून थोडा जास्त, आणि तिरपी कापलेली उरेब कड सर्वांत जास्त, कारण तिथे धागे स्वतः लांबत नाहीत तर त्यांच्यातला कोन बदलतो. खळ नेमकी हीच हालचाल रोखते, म्हणून ज्या नमुन्यात त्रिकोण जास्त, त्यात तिचा उपयोग सर्वांत जास्त होतो. नुसत्या चौकोनांच्या कामात हलकी खळ पुरते.

खळ कोणती घ्यावी

तयार फवाऱ्याचा डबा, पाण्यात मिसळायची घट्ट द्रवरूप खळ आणि घरी शिजवलेली खळ, असे तीन मुख्य पर्याय आहेत. यांखेरीज स्टार्चविरहित फवारेही मिळतात. त्यांनी येणारा कडकपणा सौम्य असतो, पापुद्रे कमी पडतात आणि तयार कापड कपाटात ठेवायचे असल्यास ते सोयीचे पडतात. दाबाच्या डब्यातील फवारा सोपा असला तरी त्यातला वायू ज्वलनशील असू शकतो, त्यामुळे तो तापलेल्या इस्त्रीच्या अगदी जवळ फवारू नये, खिडकी उघडी ठेवावी आणि खाली जुनी चादर अंथरावी. खळीचा तुषार फरशीवर पडला की फरशी चांगलीच घसरडी होते.

मला घरी शिजवलेली खळ आवडते, कारण तिचा दाटपणा आपल्या हातात राहतो. एक मोठा चमचा, म्हणजे सुमारे १५ मिलिलिटर, कॉर्नफ्लोअर घेऊन ते आधी ५० मिलिलिटर थंड पाण्यात गुठळ्या न राहता कालवावे. दुसरीकडे ४५० मिलिलिटर पाण्याला उकळी आणावी, कालवलेले मिश्रण त्यात धारेने ओतावे आणि सतत ढवळत मिनिटभर उकळू द्यावे. दुधट रंग जाऊन चमक आली की खळ शिजली. ती पूर्ण थंड झाल्यावर पातळ सुती कापडातून गाळून फवारणीच्या बाटलीत भरावी. गाळण्याचा कंटाळा केला तर बाटलीचे तोंड हमखास तुंबते. हे प्रमाण हलक्या खळीचे आहे, त्रिकोणांसाठी तेवढ्याच पाण्यात दोन चमचे घ्यावेत. कॉर्नफ्लोअरऐवजी दळलेले मक्याचे पीठ वापरू नये, कारण त्यात स्टार्चखेरीज इतर घटकही असतात आणि कापडावर भुकटी राहते. ही खळ टिकाऊ नाही. फ्रीजमध्ये दोन-तीन दिवस ठेवावी आणि आंबट वास येताच फेकून द्यावी.

आणि एक गोष्ट आधीच सांगून ठेवते: खळ कधीही इस्त्रीच्या पाण्याच्या टाकीत भरू नये. ती आत शिजून नळ्या आणि छिद्रे बंद करते. टाकीत कोणते पाणी चालते ते इस्त्रीसोबतच्या पुस्तिकेत दिलेले असते, तेच वापरावे.

कापण्यापूर्वीच्या पायऱ्या

पहिली पायरी म्हणजे कापड आधी धुवायचे की नाही ते ठरवणे, आणि जे ठरेल ते एका क्विल्टमधल्या सगळ्या कापडांना सारखे लावणे. निम्मी कापडे धुतलेली आणि निम्मी कोरी असतील तर पहिल्या धुण्यात ती वेगवेगळ्या प्रमाणात आटून शिवणींवर ओढ आणतात. धुतलेल्या कापडातील गिरणीची मूळ खळ निघून गेलेली असते, ते लुळे पडते, आणि आपण खळ देतो ती मुख्यतः याची भरपाई म्हणून.

दुसरी पायरी चाचणीची. नवशिके ती हमखास गाळतात, पण तिला दहा मिनिटेसुद्धा लागत नाहीत. प्रत्येक नव्या कापडाचा नेमका २५ सेंटिमीटरचा चौकोन कापावा, ताण्याची दिशा पेन्सिलीने बाणाने दाखवावी, त्यावर खळ फवारून वाफेची इस्त्री करावी आणि थंड झाल्यावर दोन्ही दिशांनी मोजावा. एखादी बाजू साडेचोवीस सेंटिमीटर भरली तर ते कापड त्या दिशेने दोन टक्के आटले, म्हणजे मीटरभर लांबीत दोन सेंटिमीटर गेले. कापड किती जास्त घ्यावे याचा अंदाजही यातूनच येतो. लाल, गडद निळे आणि काळे कापड असेल तर त्याच वेळी खाली पांढऱ्या सुती कापडाचा तुकडा ठेवावा. त्यावर रंग उतरला तर मूळ कापड आधी धुऊन, पाणी स्वच्छ निघेपर्यंत खळबळून घेणे भाग आहे.

तिसरी पायरी फवारणी. कापड उलट्या बाजूने पसरावे, म्हणजे पापुद्रे पडलेच तरी सुलट बाजू स्वच्छ राहते. बाटली हातभर अंतरावर धरून हलका, सारखा तुषार मारावा. कापड ओलसर दिसावे, थबथबू नये. मग थांबावे. हे थांबणेच खरे महत्त्वाचे आहे: खळ धाग्यात मुरायला किमान अर्धे ते एक मिनिट लागते, आणि घाईने इस्त्री टेकवली तर खळ पृष्ठभागावरच वाळते, तिचे पांढरे पापुद्रे सुटतात आणि इस्त्रीच्या तळाला चिकटतात. मी फवारलेले कापड सैल घडी करून बाजूला ठेवते आणि तोवर दुसरे फवारते; चार कापडे फवारून होईपर्यंत पहिल्याचा ओलावा सगळीकडे सारखा पसरलेला असतो. जास्त कडक कापड हवे असल्यास एकदाच दाट फवारण्याऐवजी हलके दोन-तीन हात द्यावेत आणि प्रत्येक हातानंतर वाळवावे. फार कडक हवे असेल तर कापड पातळ खळीत बुडवून, न पिळता निथळत ठेवून, किंचित दमट असतानाच इस्त्री करावी.

चौथी पायरी इस्त्रीची. सुती कापडासाठी इस्त्रीचे बटण तीन ठिपक्यांवर ठेवतात. तीन, दोन आणि एक ठिपका ही खूण अनुक्रमे सुमारे २००, १५० आणि ११० अंश सेल्सिअस कमाल तापमान दाखवते. खळ दिलेल्या कापडाला मात्र मी तिसऱ्या ठिपक्याच्या किंचित खाली ठेवते, कारण स्टार्च कापडाच्या आधी तपकिरी पडतो. या टप्प्यावर वाफ बिनधास्त वापरावी, इस्त्री सरकवायलाही हरकत नाही, फक्त ती काठाला समांतर, ताण्याच्या दिशेने न्यावी. तिरपी किंवा गोल फिरवली की ओले, मऊ झालेले कापड त्या दिशेने ओढले जाते आणि तसेच वाळते. शेवटचा हात वाफ बंद करून द्यावा, म्हणजे आत ओलावा राहत नाही.

यानंतर कापड सपाट पृष्ठभागावर पूर्ण थंड होऊ द्यावे. गरम आणि दमट कापड लगेच घडी घातले तर नवी घडी पक्की बसते, आणि लगेच कापले तर वाळता वाळता माप बदलते. थंड झालेले कापड चिमटीत धरून उचलले असता ते जाडसर कागदासारखे उभे राहिले, तर त्रिकोणांसाठी तयार आहे असे समजावे. रोटरी कटरखाली (गोल फिरत्या पात्याच्या कातणीखाली) ते सरकत नाही आणि कड दातेरी निघत नाही.

कापल्यानंतर: इस्त्री टेकवावी, फिरवू नये

इथून वाफ बंद. शिवण घातल्यावर प्रथम ती न उघडता, जशी टीप मारली आहे तशीच मिटलेल्या अवस्थेत इस्त्री तिच्यावर तीन-चार सेकंद टेकवावी. त्यामुळे टिपेचा दोरा कापडात बसतो आणि शिवणीतील बारीक चुणी सपाट होते. मग गडद कापड वर येईल असे तुकडे ठेवून वरचा तुकडा उलगडावा आणि इस्त्रीची कड शिवणीपर्यंत नेऊन दाबावी, उचलावी, पुढे ठेवून पुन्हा दाबावी. अशा प्रकारे माया, म्हणजे टिपेच्या बाहेर उरलेली कापडाची कड, गडद बाजूला वळते आणि फिक्या कापडातून सावलीसारखी दिसत नाही.

उलगडताना शिवणीपाशी कापडाची बारीक दुमड राहते ती डोळ्याला जाणवत नाही, पण हिशेबात येते. प्रत्येक शिवणीत एक सोळांश इंच जरी दुमडीत गेला तरी आठ शिवणींच्या ओळीत अर्धा इंच जातो, आणि मग पाव इंचाची माया कितीही नेमकी शिवली तरी ब्लॉक लहानच निघतो. म्हणून नखाने किंवा लाकडी पट्टीने आधी शिवण मोकळी करून घ्यावी आणि मगच इस्त्री टेकवावी. त्यानंतर लगेच रंग किंवा पॉलिश न दिलेला कठीण लाकडाचा ठोकळा त्या जागी दहा-पंधरा सेकंद दाबून धरला तर लाकूड उष्णता आणि उरलासुरला ओलावा खेचून घेते आणि शिवण कागदासारखी सपाट बसते. वाफेने जे साधायला आपण जातो ते बरेचसे या ठोकळ्याने कोरडेच साधते.

शेजारच्या ओळींतील माया परस्परविरुद्ध दिशांना वळवली तर शिवणी एकमेकींत अडकून कोपरे नेमके जुळतात. जिथे सहा-आठ टोके एका बिंदूत येतात तिथे माया दोन्ही बाजूंना उघडून दाबणे बरे, नाहीतर मध्यभागी गाठोडे होते. उघडलेली माया कधी कधी पुन्हा मिटू पाहते. तेव्हा पहिला अपवाद करावा. बोटाच्या टोकाने किंवा बारीक ब्रशने फक्त शिवणीच्या रेषेवर किंचित खळ लावावी आणि कोरड्या इस्त्रीने ती वाळेपर्यंत दाबावी. पूर्ण तुकडा ओला करू नये.

दुसरा अपवाद अॅप्लिकच्या, म्हणजे कापडावर वरून शिवायच्या, गोल तुकड्यांचा, आणि इथे खळ खरी करामत करते. उष्णता सहन करणाऱ्या पुठ्ठ्याची किंवा प्लॅस्टिकची गोल चकती घ्यावी. कापडाचा गोल तिच्याहून सर्व बाजूंनी पाव इंच मोठा कापावा आणि कडेपासून साधारण अर्ध्या अंतरावर बारीक धावदोरा घालावा. चकती उलट बाजूवर मधोमध ठेवून दोरा ओढला की कड चकतीवर गोळा होते. आता बारीक ब्रशने त्या चुण्यांवर खळ लावावी, आतल्या भागाला नाही, आणि वाफ बंद असलेल्या इस्त्रीचे टोक फिरत फिरत टेकवून खळ खडखडीत वाळवावी. पूर्ण थंड झाल्यावरच दोरा सैल करून चकती काढावी आणि पुन्हा हलकेच ओढून एकदा इस्त्री दाबावी. घाईने, गरम असताना चकती काढली तर कड उमलते आणि गोलाला कोपरे दिसू लागतात. पहिल्या दोन-तीन चकत्या बिघडतील, ते गृहीत धरावे.

कागदाच्या पायावर शिवल्या जाणाऱ्या ब्लॉकांना वाफ वर्ज्य आहे. ओलाव्याने कागद वळतो आणि छापलेल्या रेषांची शाई कापडावर उतरू शकते. कापडावरील खुणांचीही तीच काळजी घ्यावी: पाण्याने पुसली जाणारी निळी खूण इस्त्रीखाली आली तर कायमची बसू शकते, आणि उष्णतेने नाहीशी होणारी खूण इस्त्रीखाली गेली तरी कडक थंडीत पुन्हा दिसू शकते. चिकटणाऱ्या अस्तरावर वाफ द्यायची की नाही हे त्याच्यासोबतच्या सूचनेत पाहावे. काहींना वाफ लागते, काहींना मुळीच चालत नाही.

पूर्ण ब्लॉक आणि वाफ

तिसरा अपवाद पूर्ण झालेल्या ब्लॉकचा. सगळ्या शिवणी झाल्यावर ब्लॉक किंचित वाकडा असेल तर इस्त्रीच्या बोर्डावर त्याच्या मापाचा चौकोन आखावा, ब्लॉक त्यावर ठेवून कोपरे आणि मग कडांचे मध्य टाचणीने पक्के करावेत आणि इस्त्री कापडाला न टेकवता अंगठाभर वर धरून वाफ सोडावी. वाफ थेट बोटांवर येते, म्हणून टाचण्या आधीच लावून हात बाजूला घ्यावा. टाचण्या काचेच्या डोक्याच्या असाव्यात, कारण प्लॅस्टिकचे डोके इस्त्री लागली तर वितळते. ब्लॉक तिथेच पूर्ण थंड आणि कोरडा होऊ द्यावा. या पद्धतीने एक अष्टमांश इंचापर्यंतची तफावत सुधारता येते. त्याहून जास्त असेल तर शिवण उसवणेच योग्य.

लोकरीच्या इस्त्रीच्या चटईवर हे काम करताना लक्षात ठेवावे की लोकर ओलावा धरून ठेवते. चटईखाली लाकडी टेबल असेल तर त्यावर वाफेचे डाग पडू शकतात, आणि ओल्या चटईवर पुढचा तुकडा ठेवला तर आपण कोरडी इस्त्री करतो असे वाटत असताना खालून तो दमट होत राहतो.

काही बिघडले तर

इस्त्रीतून वाफेऐवजी पाण्याचे थेंब गळत असतील तर तळ पुरेसा तापलेला नाही. दिवा विझेपर्यंत थांबावे आणि पहिला वाफेचा झोत जुन्या फडक्यावर सोडावा. तळाच्या छिद्रांच्या खुणा कापडावर उमटत असतील तर दाब जास्त आहे, किंवा मधे पातळ सुती फडके ठेवायला हवे. पांढरे पापुद्रे आले तर दमट फडक्याने पुसून कापड पुन्हा उलट बाजूने कोरडे दाबावे. तळावर तपकिरी थर साचला तर इस्त्री बंद करून, प्लग काढून, कोमट असताना ओल्या सुती फडक्याने पुसावे आणि पुढच्या कापडाआधी एकदा टाकाऊ पांढऱ्या कापडावर फिरवून पाहावे. कापडच तपकिरी झाले असेल, तर डाग स्टार्चचा असल्यास धुण्यात निघण्याची शक्यता असते. धागा करपला असेल तर तो तुकडा बदलावा.

साठवण आणि शेवटचे धुणे

स्टार्च हे कसरीचे आवडते खाद्य आहे. त्यामुळे खळ दिलेले कापड महिनोन्महिने कपाटात ठेवू नये. त्या आठवड्यात जेवढे कापायचे तेवढ्यालाच खळ द्यावी. काम अर्धवट राहणार असेल तर तुकडे सपाट ठेवावेत, दमट जागी मुळीच नाही. क्विल्टचे तिन्ही थर (वरचे कापड, मधला भराव आणि खालचे कापड) जोडून झाल्यावर गरम इस्त्री तिच्यावर दाबू नये, कारण आतला भराव कायमचा चपटा होतो आणि तो पॉलिएस्टरचा असेल तर वितळूही शकतो. कडपट्टी शिवून झाली की क्विल्ट थंड किंवा कोमट पाण्यात सौम्य साबणाने धुवावी. खळ सैल होऊन निघून जाते, पाणी पहिल्यांदा किंचित गढूळ आणि बुळबुळीत लागते, म्हणून तो बुळबुळीतपणा जाईपर्यंत खळबळावी. मग न पिळता टॉवेलमध्ये गुंडाळून दाबावी आणि सपाट पसरून वाळवावी.